विज्ञान, अर्थशास्त्र आणि कायदा: शोधनिबंधातला पुरावा नेमका कुठे शोधायचा?

प्रश्न असा आहे: विज्ञान, अर्थशास्त्र आणि कायदा या तिन्ही शाखांतले लेखन ‘संशोधन’ याच नावाने समोर येते. ते सगळे एकाच पद्धतीने वाचता येते का? आणि त्यातले किती ग्राह्य धरायचे, हे त्या शाखेबाहेरच्या माणसाने कसे ठरवायचे?

एकाच पद्धतीने वाचता येत नाही. प्रत्येक शाखेत पुरावा वेगळ्या जागी असतो आणि चूकही बहुधा त्याच जागी होते. विज्ञानात तो मोजमापात आणि तुलनेच्या गटात असतो. अर्थशास्त्रात तो ‘हे धोरण आलेच नसते तर काय झाले असते’ या कधीच न दिसणाऱ्या परिस्थितीच्या अंदाजावर उभा असतो. कायद्यात तो मजकुरात असतो: कोणत्या न्यायपीठाने, कोणत्या प्रश्नावर, नेमके काय ठरवले. हे समजावून सांगायला मी तंबाखू हा एकच विषय घेतो, कारण त्यावर तिन्ही शाखांनी दीर्घकाळ आणि कसून काम केले आहे.

रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातला पुरुष रुग्णांचा तक्ता आजही कागद-पेन्सिल घेऊन तपासण्यासारखा आहे. फुफ्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष आणि तुलनेसाठी इतर आजारांचे ६४९ पुरुष. पहिल्या गटात धूम्रपान न करणारे २, दुसऱ्यात २७. आता ऑड्स रेशो काढा, म्हणजे प्रत्येक गटात धूम्रपान करणारे भागिले न करणारे, आणि मग त्या दोन उत्तरांचा भागाकार. पहिल्या गटात ६४७ भागिले २, म्हणजे ३२३.५. दुसऱ्यात ६२२ भागिले २७, म्हणजे सुमारे २३. या दोन संख्यांचा भागाकार १४ येतो. मग त्या २ च्या जागी ४ घालून पुन्हा गणित करा. उत्तर ७ वर येते. साडेसहाशेंच्या गटातली फक्त दोन माणसे इकडची तिकडे झाली आणि आकडा निम्मा झाला. निष्कर्षाची दिशा मात्र बदलली नाही. वैद्यकीय निबंध हातात आला की आधी तक्त्यातला सर्वांत लहान आकडा शोधावा आणि तो थोडा हलवून पाहावा. निष्कर्षातला कुठला भाग भक्कम आहे आणि कुठला नाजूक, हे लगेच कळते.

याच निबंधातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. मुलाखत घेणाऱ्यांना रुग्णाचा आजार माहीत असेल तर कर्करोगाच्या रुग्णाला ते सिगारेटबद्दल अधिक खोदून विचारतील, अशी रास्त शंका होती. ती तपासायची वाट लेखकांना त्यांच्याच नोंदींत सापडली. काही रुग्णांची मुलाखत कर्करोगाचे म्हणून झाली होती, पण पुढे त्यांचे निदान वेगळे निघाले. या रुग्णांच्या सवयी तुलनेच्या गटासारख्याच होत्या. मुलाखतकाराच्या पूर्वग्रहाने आकडे फुगले असते तर ते इथेही फुगलेले दिसायला हवे होते. चांगल्या वैज्ञानिक निबंधात अशी एखादी चाचणी असते, जिथे लेखक स्वतःचा निष्कर्ष पाडून पाहतो. ती कुठे आहे ते शोधा. ती नसेल तर ‘मर्यादा’ या मथळ्याखालची दोन विनम्र वाक्ये तिची जागा घेऊ शकत नाहीत.

पुढचा आक्षेप मोठ्या माणसाचा होता. आधुनिक संख्याशास्त्राचा पाया घालणारे रोनाल्ड फिशर म्हणत होते की, धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोन्हींच्या मुळाशी एखादा आनुवंशिक घटक असू शकेल. जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी १९५९ साली त्याला गणिताने उत्तर दिले. धूम्रपान करणाऱ्यांचा धोका नऊपट असेल आणि तो सगळा अशा लपलेल्या घटकामुळेच असेल, तर तो घटक धूम्रपान करणाऱ्यांमध्ये किमान नऊपट अधिक आढळायला हवा. एवढा ठळक घटक कुणाच्याच नजरेस पडला नाही, हे मानणे अवघड होते. म्हणूनच ‘दुसरे काहीतरी कारण असेल’ एवढे म्हणून भागत नाही. ते कारण किती मोठे असावे लागेल, हेही सांगावे लागते. शिवाय १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या नोंदी पन्नास वर्षे ठेवल्या गेल्या. २००४ च्या अहवालात आयुष्यभर धूम्रपान करणाऱ्यांचे आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरले. आजारी पडल्यानंतर जुन्या सवयी आठवून सांगण्यातला दोष या आराखड्यात येत नाही, कारण सवय आधी नोंदवली जाते आणि आजार नंतर होतो.

आजच्या औषधचाचणीचा निबंध वाचताना माझा क्रम असा असतो. आधी चाचणी सुरू होण्यापूर्वी केलेल्या जाहीर नोंदणीचा क्रमांक पाहायचा आणि नोंदणीत मुख्य परिणाम म्हणून काय लिहिले होते ते वाचायचे. मग निबंधात मुख्य म्हणून काय मांडले आहे, ते त्याशेजारी ठेवायचे. दोन्ही जुळत नसतील तर सारांशातल्या ठळक वाक्याचे वजन तिथेच कमी होते. त्यानंतर किती जण चाचणीत आले, किती मध्येच गळाले आणि टक्केवारी कोणत्या संख्येवर काढली, हे पाहायचे. पी-मूल्य, म्हणजे खरा परिणाम नसताना योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता, शेवटी. पी ०.०५ पेक्षा कमी आला, एवढ्यावर काहीच ठरत नाही. आणि ‘फरक आढळला नाही’ असे लिहिले असेल तर कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा परिणाम ज्या पट्ट्यात असावा असा अंदाज आहे तो पट्टा, किती रुंद आहे ते पाहावे. धोका निम्म्यावर येण्यापासून दुप्पट होण्यापर्यंत सगळे त्यात बसत असेल, तर त्या चाचणीने काहीच सांगितलेले नाही.

विज्ञानाच्या आतसुद्धा कसोटी सगळीकडे सारखी नसते. कणभौतिकीत शोध जाहीर करायला पाच सिग्माची अट असते, म्हणजे निव्वळ योगायोगाने तसे दिसण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेने ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचे सांगितले ते याच कसोटीवर. पण कसोटी कडक असली म्हणून चूक टळतेच असे नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा या कणभौतिकीच्या प्रयोगाने न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचत असल्याची नोंद मांडली होती, तीही पाच सिग्माच्या पलीकडची. नीट न बसलेली फायबर-ऑप्टिक केबल हे त्यामागचे मुख्य कारण निघाले. सिग्मा फक्त योगायोग मोजतो. यंत्रातला दोष त्याला दिसत नाही. दुसऱ्या टोकाला मानसशास्त्र आहे. तिथल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती करणारा प्रकल्प २०१५ साली प्रसिद्ध झाला. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय होता, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांत. त्यामुळे लहान नमुन्यावरचा, एकाच गटाने केलेला आणि चटकन बातमी होईल असा निष्कर्ष दिसला की पुनरावृत्ती झाली आहे का, हा प्रश्न पहिला विचारावा.

आता अर्थशास्त्र. इथे सहसा प्रयोगशाळा नसते. एखाद्या राज्याने कर वाढवला आणि सिगारेटचा खप घटला, तर तो करामुळे घटला की तसाही घटणारच होता? कॅलिफोर्नियाने ‘प्रपोझिशन ९९’ या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावानुसार जानेवारी १९८९ पासून सिगारेटच्या पाकिटामागे २५ सेंटचा कर वाढवला. अबादी, डायमंड आणि हेनम्युलर यांनी २०१० च्या निबंधात हा परिणाम मोजायला ‘सिंथेटिक कंट्रोल’ ही पद्धत वापरली. ती इथे तपशिलात सांगतो, कारण ती समजली की अर्थशास्त्रातला अर्धाअधिक अनुभवजन्य पुरावा कसा वाचायचा ते कळते.

कॅलिफोर्नियासारखे दुसरे राज्य नाही. मग इतर राज्ये ठरावीक प्रमाणात मिसळून एक नकली कॅलिफोर्निया तयार करायचा. ज्या राज्यांनी त्या काळात स्वतःच मोठी तंबाखूविरोधी मोहीम राबवली किंवा कर बराच वाढवला, ती आधी वगळायची. त्यानंतर ३८ राज्ये उरली. १९८९ पूर्वीचा खप, उत्पन्न, किंमत वगैरे जास्तीत जास्त जुळतील अशी वजने काढली, तेव्हा युटाहला सुमारे ३३ टक्के, नेवाडाला २३, मोंटानाला २०, कोलोरॅडोला १६ आणि कनेक्टिकटला ७ टक्के वजन आले. बाकीच्यांना जवळपास शून्य. १९७० ते १९८८ पर्यंत खऱ्या आणि नकली कॅलिफोर्नियाच्या रेषा एकमेकींना चिकटून जातात आणि नंतर फाकतात. २००० सालापर्यंत खऱ्या कॅलिफोर्नियातला दरडोई वार्षिक खप नकलीपेक्षा सुमारे २६ पाकिटांनी कमी होता.

हे योगायोगाने झाले नसेल कशावरून? तर उरलेल्या प्रत्येक राज्यातही जणू १९८९ सालीच कर वाढला असे धरून तीच कसरत पुन्हा करायची. कर वाढलेलाच नसताना इतकी मोठी फारकत किती ठिकाणी दिसते? आधीच्या जुळणीच्या मानाने नंतरची फारकत मोजली, तर ३९ राज्यांत कॅलिफोर्निया पहिला आला. एक भागिले ३९, म्हणजे ०.०२६. इथे लक्षात ठेवायचे ते हे, की ३९ राज्यांत यापेक्षा लहान आकडा निघूच शकत नाही. तो औषधचाचणीतल्या पी-मूल्याशेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरेल.

असा निबंध तपासताना मी तीन ठिकाणी थांबतो. पहिले, धोरणापूर्वीच्या रेषा. त्या नीट जुळत नसतील तर पुढचे काही वाचण्यात अर्थ नाही. दुसरे, मोजले काय? इथे पाकिटांची विक्री मोजली आहे, ओढलेल्या सिगारेटी नाहीत. शेजारच्या राज्यातून किंवा तस्करीने आलेला माल विक्रीत दिसत नाही, आणि करवाढीच्या आधी लोक साठा करतात त्यामुळेही रेषा वाकडी होते. तिसरे, धोरण एकटे आले का? प्रपोझिशन ९९ मध्ये करासोबत त्याच पैशांतून चालवलेली प्रचारमोहीमही होती. २६ पाकिटे ही सगळ्या गाठोड्याची बेरीज आहे. ‘२५ सेंटने २६ पाकिटे कमी झाली’ असे कुणी लिहिले, तर ते निबंधात नसलेले विधान आहे.

करवाढीबद्दल सर्रास दिला जाणारा आकडा जागतिक बँकेच्या १९९९ च्या अहवालातला आहे: किंमत १० टक्क्यांनी वाढली तर खप उच्च उत्पन्नाच्या देशांत साधारण ४ टक्क्यांनी आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांत साधारण ८ टक्क्यांनी घटतो. अशी लवचीकता, म्हणजे किंमत बदलल्यावर खप किती बदलतो याचे प्रमाण, वाचताना ती अल्पकाळाची की दीर्घकाळाची, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. सवयीच्या वस्तूंत या दोन्हींत बराच फरक पडतो.

अर्थशास्त्रातला आणखी एक धोका विदेच्या, म्हणजे डेटाच्या, फायलीत असतो. सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की वाढ खुंटते, हा राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा २०१० चा निष्कर्ष धोरणचर्चेत खूप फिरला. हर्नडन, अ‍ॅश आणि पोलिन यांनी २०१३ साली मूळ स्प्रेडशीट तपासली, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटल्याचे आढळले. ती चूक, काही वर्षांची वगळलेली विदा आणि देशांना वजन देण्याची पद्धत या सगळ्या दुरुस्त्या केल्यावर ९० टक्क्यांपलीकडे कर्ज असलेल्या गटाची सरासरी वाढ उणे ०.१ वरून अधिक २.२ टक्क्यांवर आली. मूळ लेखकांनी फाइल दिली म्हणूनच हे उघड झाले. म्हणून विदा आणि प्रोग्राम सोबत जोडले आहेत का, हे आधी पाहा. ‘वर्किंग पेपर’ आणि छापील आवृत्ती यांतले आकडेही ताडून पाहा, कारण या शाखेत निबंध छापून येण्याआधी अनेकदा वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आणि जुना आकडाच लोकांच्या तोंडी बसतो.

कायद्याकडे येताना विज्ञानाची सवय बाजूला ठेवावी लागते. ऑस्ट्रेलियाने २०११ साली साध्या वेष्टनाचा कायदा केला: सिगारेटच्या पाकिटावर बोधचिन्ह नको, आकर्षक रंग नकोत. कंपन्या वेगवेगळ्या मार्गांनी लढल्या आणि कायदा टिकला. पण प्रत्येक ठिकाणी प्रश्न वेगळा होता. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, प्रश्न होता राज्यघटनेच्या कलम ५१(३१)चा: सरकारने मोबदला न देता मालमत्ता ताब्यात घेतली का? सहा विरुद्ध एक अशा बहुमताने उत्तर आले, नाही. कंपन्यांचे हक्क आखडले, पण सरकारच्या हाती मालमत्ता म्हणावी असे काही आले नाही. वेष्टनामुळे धूम्रपान घटते का, हे न्यायालयाला ठरवायचेच नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये गुंतवणूक करारानुसार नेमलेल्या लवादाने फिलिप मॉरिस एशिया या सिगारेट कंपनीचा दावा फेटाळला तो अधिकारक्षेत्राच्या टप्प्यावरच: वाद समोर दिसत असताना करारातले संरक्षण मिळवण्यासाठी मालकीची फेररचना केली, हा हक्काचा गैरवापर आहे. त्यामुळे ‘लवादाने साधे वेष्टन वैध ठरवले’ हे वाक्य चूक आहे, आणि ते चांगल्या लेखांतही सापडते.

निवाडा वाचताना म्हणून पहिला शोध निष्कर्षाचा नाही, प्रश्नाचा घ्यायचा. न्यायालयाने निकालासाठी जे ठरवणे आवश्यक होते तेवढेच बंधनकारक. ओघात आलेली निरीक्षणे बंधनकारक नसतात. उद्धृत केलेले वाक्य कोणत्या न्यायमूर्तींचे आहे, बहुमतातले की भिन्नमताचे, आणि कोणत्या परिच्छेदातले, हे मूळ निवाड्यात जाऊन पाहावे. सुरुवातीच्या संक्षेपावर, म्हणजे हेडनोटवर, विसंबू नये. तो न्यायालयाने लिहिलेला असतोच असे नाही. अमेरिकेतल्या सांता क्लारा काउंटीच्या १८८६ च्या खटल्यात कंपनीला ‘व्यक्ती’ मानण्याविषयीचे विधान निवाड्यांचे संकलन करणाऱ्या न्यायालयीन वृत्तलेखकाने हेडनोटमध्ये घातले. निवाड्याच्या मजकुरात तो मुद्दा ठरवलेलाच नव्हता, तरी पुढे ते आधार म्हणून वापरले गेले. त्यानंतर निवाडा आजही जिवंत आहे का, ते तपासायचे. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही असे सांगणारा भारतातला १९७६ चा ए.डी.एम. जबलपूर निवाडा २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी या खासगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात रद्दबातल ठरवला. तिथे १९७६ सालचे न्या. खन्ना यांचे एकाकी भिन्नमत अखेर बरोबर ठरले. भिन्नमताला इतके औपचारिक स्थान देणारी शाखा दुसरी नाही, म्हणून कायद्याच्या अभ्यासकाने ते सोडून पुढे जाऊ नये.

कायदा आणि विज्ञान जिथे भिडतात तिथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. दिवाणी दाव्यात ‘शक्यता निम्म्याहून अधिक’ एवढे सिद्ध करायचे असते. धूम्रपानामुळे धोका १४ पट होत असेल, तर धूम्रपान करणाऱ्यांच्या कर्करोगांपैकी १४ तले १३, म्हणजे सुमारे ९३ टक्के, धूम्रपानामुळे असे गणित निघते. मग दावा जिंकायलाच हवा, असे वैज्ञानिकाला वाटते. तरी स्कॉटलंडमध्ये २००५ साली मॅकटिअर विरुद्ध इम्पीरियल टोबॅको या खटल्यात दावा फेटाळला गेला. न्यायाधीशांनी म्हटले की, समूहावरची आकडेवारी एका व्यक्तीच्या आजाराचे कारण ठरवत नाही. इतकेच नव्हे, तर धूम्रपानाने कर्करोग होऊ शकतो हेसुद्धा त्यांच्यासमोर आलेल्या पुराव्याने सिद्ध झालेले नाही. यातला दुसरा भाग वाचून डॉक्टरांना धक्का बसतो. पण न्यायालय त्याच्यापुढे रीतसर मांडलेल्या पुराव्यावरच निर्णय देते आणि भार दावेदारावर असतो. ‘सिद्ध झाले नाही’ याचा अर्थ ‘खोटे आहे’ असा होत नाही. मला तो निकाल पटत नाही, पण त्याला विज्ञानाविरुद्धचा पुरावा म्हणून उद्धृत करणे ही त्याहून मोठी चूक आहे.

‘पीअर रिव्ह्यू झाला आहे का’, म्हणजे छापण्याआधी त्याच विषयाच्या तज्ज्ञांनी निबंध तपासला आहे का, हा प्रश्नही शाखेगणिक बदलतो. अमेरिकेतली बहुतेक लॉ रिव्ह्यू नियतकालिके विद्यार्थी संपादित करतात आणि एकच लेख एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवणे तिथे रूढ आहे. वैद्यकात तसे करणे गैर मानतात. लेखकांच्या नावांचा क्रम जीवशास्त्रात कामाचा वाटा सांगतो, अर्थशास्त्रात बहुधा केवळ वर्णानुक्रम. त्यामुळे तीन शाखांतल्या लोकांचे उद्धरणांचे आकडे शेजारी मांडून कोण मोठा हे ठरवण्याला काही आधार नाही. कायद्यात तळटीप हाच पुरावा असतो, म्हणून प्रत्येक महत्त्वाची तळटीप उघडून पाहावी. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल झाले आणि ५,००० डॉलर दंड बसला. मूळ निवाडे उघडायचा प्रयत्न केला असता तर ते दाखल करण्याआधीच उघड झाले असते.

तिन्ही शाखा एकाच कागदावर हव्या असतील तर जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलचा साध्या वेष्टनावरचा २०१८ चा अहवाल घ्या. अपिलीय मंडळाने तो २०२० साली कायम केला. ऑस्ट्रेलिया आणि तक्रारदार देश या दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांनी त्याच विक्रीच्या आकड्यांवर वेगवेगळी प्रतिमाने (सांख्यिकी मॉडेले) लावली होती. अडचण कॅलिफोर्नियासारखीच होती: ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१२ मध्ये साध्या वेष्टनासोबत मोठी सचित्र सूचनाही आली आणि वर्षभराने अबकारी कर १२.५ टक्क्यांनी वाढला. वाचताना प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एक अक्षर लिहा: मोजलेली गोष्ट असेल तर ‘मो’, प्रतिमानातून काढलेला अंदाज असेल तर ‘अं’, कराराच्या कलमाचा अर्थ असेल तर ‘अ’, आणि ‘तक्रारदाराने सिद्ध केले नाही’ असे असेल तर ‘भा’, म्हणजे पुराव्याचा भार. ‘मो’ची तपासणी परिशिष्टातल्या तक्त्यात होते, ‘अं’ची धोरणापूर्वीच्या रेषांत, ‘अ’ची कराराच्या मूळ शब्दांत. ‘भा’चे परिच्छेद बाजूला काढून ठेवा. त्यांतून वेष्टनाच्या परिणामाबद्दल काहीच सांगता येत नाही, आणि बातम्यांत चुकीचे उद्धृत होतात ते बहुतेक तेच.